कसेल त्याचे गाणे

गेल्या हिवाळ्यात एका पक्षकाराच्या कामानिमित्त आम्हांस तारकर्लीस जावे लागले. पर्यटकांस समुद्राचा तळ दाखविण्यास नेणाऱ्या होड्या तेथे किनाऱ्याला लागलेल्या असतात. त्यांपैकी एका होडीवर आपल्याच समाजातील एक तरुण काम करीत होता. त्याच्या सदऱ्यावर एका जटाधारी कृष्णवर्णीय माणसाचे हसरे चित्र छापलेले होते. हा कोण, असे आम्ही सहज विचारले. "म्हायत नाय, काका. बरा दिसता म्हणान घेतलंय," असे तो हसत म्हणाला. ते चित्र जमैकाचा गायक बॉब मार्ली याचे होते. मग आम्ही दुसरा प्रश्न केला : वामनदादा कर्डक कोण, हे तरी ठाऊक आहे काय? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाव आयकलंय."

उत्तर प्रामाणिक होते. त्या मुलास दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु मालवणास परतताना एक विचार मनातून जाईना. ज्याचे पूर्वज मळ्यावर विकले गेले त्या माणसाचे चित्र हा मुलगा छातीवर मिरवितो, आणि ज्याचे गाणे त्याच्या आजोबांनी रात्र-रात्र जागून ऐकले त्या माणसाचे केवळ नाव त्याने ऐकले आहे. दोन्ही वारसे त्याचेच. पण एक चित्र होऊन राहिला आहे आणि दुसरा नाव होऊन.

आपल्या कोकणात सातबाऱ्याचा उतारा काढला की लहानशा तुकड्यावरही पंचवीस-तीस नावे निघतात. नावे सगळी खरी, वारस सगळे कायदेशीर. पण वारस मुंबईला आणि जमीन पड. कूळकायद्याने मात्र निराळे तत्त्व शिकविले. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी ज्याच्या हाती नांगर होता त्याचा हक्क कायद्याने मानला. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व आज आपणांस गाण्याच्या बाबतीत लावून पाहावयाचे आहे.

वाचक विचारतील की, ज्या पाक्षिकात धर्मांतराची आणि हक्कांची चर्चा व्हावयाची, त्याच्या अग्रलेखात परदेशच्या गाण्याबजावण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. आपल्या दास्याचे गाणे करून ते तीन-चार पिढ्या जिवंत ठेवणारे लोक जगात थोडे आहेत, आणि जमैकाचे लोक त्यांत अग्रभागी आहेत. गाणे कशाने टिकते, कशाने मरगळते आणि कशाने पुन्हा उभे राहते, याचा अनुभव त्यांच्यापाशी आहे. तो आपल्या उपयोगाचा आहे.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातील लहानसे बेट. १६५५ साली ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि उसाच्या मळ्यांसाठी तेथे आफ्रिकेतून माणसे धरून आणून विकण्यात येऊ लागली. गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३४ साली अमलात आला. परंतु उमेदवारीच्या गोंडस नावाखाली तीच सक्तीची मजुरी आणखी चार वर्षे चालली आणि खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ रोजी झाली. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांच्या सुटकेपोटी दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली. ती कोणास मिळाली? गुलामांस नव्हे, मालकांस! माणूस सुटला, पण जमीन नाही, शाळा नाही, प्रतिष्ठा नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली, पण गावकीच्या मनातून ती किती गेली हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांस या इतिहासात अपरिचित असे काही वाटणार नाही.

याच बेटावरील सेंट ॲन परगण्यात १७ ऑगस्ट १८८७ रोजी मार्कस गार्वी यांचा जन्म झाला. व्यवसायाने ते मुद्रक. १९१४ साली त्यांनी कृष्णवर्णीयांची संघटना उभारली, पुढे अमेरिकेत वृत्तपत्र काढले आणि आपल्या लोकांस आपल्या रंगाची व इतिहासाची लाज टाकून देण्यास शिकविले. अमेरिकेत त्यांच्यावर खटला झाला, शिक्षा झाली आणि १९२७ साली त्यांना हद्दपार करण्यात आले. १९४० साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांना मरणोत्तर क्षमा जाहीर केली. म्हणजे त्या शिक्षेचा डाग पुसण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. याच गार्वींनी १९३७ साली कॅनडातील एका सभेत सांगितले होते की, देहाचे बंध दुसरे कोणी तोडू शकेल, मनाचे बंध मात्र ज्याचे त्यानेच तोडावयाचे असतात. हा विचार बॉब मार्लीने १९८० साली आपल्या एका गीतात घातला. मार्लीचा जन्मही सेंट ॲन परगण्यातलाच, ६ फेब्रुवारी १९४५ चा. एका परगण्यातील एका मुद्रकाचे वाक्य ४३ वर्षांनी त्याच परगण्यातील गायकाच्या मुखातून जगभर गेले. पुस्तक जेथे पोहोचत नाही तेथे गाणे पोहोचते, ते असे.

आता या संगीताची घडण पाहू. १९३० साली हैले सेलासी हे इथिओपियाचे सम्राट झाले. जमैकातील काही दरिद्री लोकांनी त्यांस आपला तारणहार मानले आणि त्यातून रास्ताफारी पंथ निघाला. हे लोक डोंगरात व झोपडपट्ट्यांत राहात, जटा वाढवीत, आफ्रिकी वळणाचे ढोल वाजवीत. प्रतिष्ठित समाज त्यांस अस्पर्श लेखी. एप्रिल १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथील दंग्यानंतर पोलिसांनी त्यांची सरसकट धरपकड केली, त्यांच्या जटा कापल्या. या अत्याचाराबद्दल तेथील सरकारने माफी मागितली ती २०१७ साली. परंतु ज्यांस गावाबाहेर काढले त्यांचा ढोल गावात आलाच. १९६० साली काउंट ऑसी या रास्ताफारी ढोलवादकाचे ढोल एका ध्वनिमुद्रिकेवर वाजले, आणि पुढे १९६८ च्या सुमारास त्या बेटावरील निरनिराळ्या चालींतून जे नवे संगीत आकारास आले, त्यास 'रेगे' हे नाव पडले. त्यांतील जे आफ्रिकेची, दास्याची आणि मुक्तीची आठवण धरून राहिले, त्यास 'रूट्स रेगे', म्हणजे मुळांचे रेगे, असे म्हणतात.

त्याचा ठेका विलक्षण आहे. चार मात्रांतील पहिली मात्रा, जिच्यावर इतर संगीतात जोर पडतो, ती येथे मोकळी सोडतात आणि ढोलाचा घाव तिसऱ्या मात्रेवर पडतो. खर्जातील तारवाद्य पुढे असते, बाकीची वाद्ये मागे. चाल संथ, त्यामुळे शब्दास जागा मिळते आणि ऐकणारास विचारास वेळ मिळतो. दुसरे असे की, एकदा एखादी खर्जाची चाल लोकांस आवडली म्हणजे तिच्यावर पुढचे गायक नवनवे शब्द बसवितात. १९६७ साली मुद्रित झालेल्या 'रिअल रॉक' या एका चालीवर तेव्हापासून शेकडो गाणी झाली आहेत. चाल आजोबांची आणि शब्द नातवाचे! आपल्या जलसाकारांनी लावणीची, पोवाड्याची, पुढे सिनेमाचीही चाल घेऊन तिच्यावर भीमाचे शब्द बसविले, तीच ही युक्ती. ज्यास चाल आधीच पाठ असते, त्यास नवा विचार पाठ करणे जड जात नाही.

रेडिओने या गाण्यास प्रारंभी फारसे दार उघडले नाही. तेव्हा लोकांनी मोठाले कर्णे मालगाडीवर चढवून गल्लीगल्लीत नेले आणि तेथेच रस्त्यावर सभा भरविल्या. इंग्लंडात मजुरीस गेलेल्यांनी हे कर्णे आणि ही गाणी बरोबर नेली. १९७८ साली बर्मिंगहॅमच्या 'स्टील पल्स' या मंडळीने तेथील वर्णद्वेषावर गाणी केली, ती जमैकाची उसनवारी नव्हती. ती त्या गल्लीतील पोरांची स्वतःची फिर्याद होती. १९७५ साली 'बर्निंग स्पिअर' या नावाने गाणाऱ्या गायकाने मार्कस गार्वींच्या नावाचीच ध्वनिमुद्रिका काढली आणि ज्यांनी गार्वींचे नाव ऐकले नव्हते अशा मुलांस ते शिकविले. १९८० च्या एप्रिलमध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला, त्या मध्यरात्रीच्या सोहळ्यात मार्ली गायिला. एका बेटावरील बहिष्कृतांचे गाणे दुसऱ्या खंडातील राष्ट्राच्या जन्मोत्सवात वाजले!

येथे एक गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. ज्या सम्राटास हे लोक देव मानीत होते, तो १९७४ साली पदच्युत झाला आणि १९७५ साली मरण पावला. देव सिंहासनावरून उतरला. मग त्याचे गाणे का बुडाले नाही? आमच्या मते याचे कारण एकच आहे. त्या गाण्याचा खरा पाया सम्राटाच्या स्तुतीवर नव्हता. रिकाम्या भांड्यावर, पोलिसाच्या दंडुक्यावर, न्यायालयाच्या पक्षपातावर, चोरलेल्या इतिहासावर तो होता. स्तुती वाहून गेली असती. गाऱ्हाणे वाहून गेले नाही, कारण ते खरे होते.

तथापि हे गाणे मध्यंतरी मरगळलेही. ११ मे १९८१ रोजी मार्ली वारला. १९८५ साली यंत्रावर तयार केलेल्या ठेक्याची लाट आली आणि तिच्याबरोबर बंदुकीची फुशारकी व बीभत्स शब्द यांची चलती झाली. दुसरीकडे बाजाराने मार्लीस निराळ्या रीतीने मारले. १९८४ साली त्याच्या निवडक गाण्यांचा जो संग्रह निघाला व जगभर सर्वाधिक खपला, त्यात प्रेमाची व समाधानाची गाणी पुढे आली आणि त्याची झोंबरी गाणी बहुतांशी मागे राहिली. चेहरा ठेवला, फिर्याद काढून घेतली. तारकर्लीच्या सदऱ्यावर जो हसतो आहे तो हा मार्ली!

पण मुळे तुटली नव्हती. १९९० नंतर एकदा, आणि २०११ च्या आगेमागे दुसऱ्यांदा, जमैकाच्या तरुणांनी ती शोधून काढली. या दुसऱ्या लाटेस तेथे रेग्याचे पुनरुज्जीवन असेच म्हणतात. क्रॉनिक्स, प्रोटोजे, कबाका पिरॅमिड, जेसी रॉयल, जाह नाइन ही त्यांतील काही नावे. क्रॉनिक्सचे वडील गायक. प्रोटोजेची आई लॉर्ना बेनेट १९७२ सालची नावाजलेली गायिका. म्हणजे घरात पेटी होती, पण घरातली पेटी आपोआप वाजत नाही. या मुलांनी वाद्ये हाती घेतली, गार्वी पुन्हा वाचला, आणि मग आपल्या काळाच्या बेकारीवर, गोळीबारावर, बड्या देशांच्या कर्जावर गाणी केली. २०२० साली कॉफी या नावाने गाणाऱ्या १९ वर्षांच्या मुलीस रेग्याचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तोवर तो एकट्या स्त्रीच्या वाट्यास आला नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्ये युनेस्कोने रेग्यास मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या सूचीत घेतले. सूचीत नाव लागले हे चांगलेच झाले. पण ते सातबाऱ्यावरचे नाव होय. जमीन कसली ती त्या पोरांनी.

आणि हा नांगर आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा; तेथे 'रेगे राजाज' या दिल्लीच्या मंडळीने २०१६ साली 'गोवा सनस्प्लॅश' हा रेगे महोत्सव सुरू केला. आपली मुले तेथे जातील, नाचतील. जावे. मात्र ज्या गाण्यावर आपण नाचतो ते कोणाचे रडणे होते, एवढे जाणून जावे.

आता आपल्या घराकडे वळू. आपले गाणे जमैकाच्या गाण्याहून धाकटे नाही. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतून जलसे निघाले. १९३० नंतरच्या काळात नाशिककडील भीमराव कर्डक आदी जलसाकारांनी तमाशाचा सांगाडा घेतला, त्यातील हीन ते टाकले आणि शाळा, स्वच्छता, मृतमांसाचा त्याग, पाण्याचा व मंदिराचा हक्क हे विषय डफ-ढोलकीवर आणले. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे स्वतः बाबासाहेबांनी म्हटल्याचे जुने लोक सांगतात. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) तरुणपणी मुंबईस आले तेव्हा त्यांस अक्षरओळखही नव्हती. ती त्यांनी तेथे करून घेतली आणि पुढे आयुष्यभर गावोगाव हिंडून गाणी रचली व गायिली. विठ्ठल उमप यांस तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी, संविधान दिनीच, नागपूरला दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात रंगमंचावर मरण आले. प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद, आणि नातू आदर्श अशा तीन पिढ्या या गाण्यात आहेत. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला विकल्या जाणाऱ्या ध्वनिफितींनी ही गाणी खेड्याखेड्यात नेली, आणि आज छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज भ्रमणध्वनीवरून लक्षावधी घरांत ऐकला जातो.

इतकेच नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बायांनी भीमरायावर रचलेल्या ओव्या आहेत. ज्या स्त्रीस कोणी सभेत बोलू दिले नाही, तिने जात्यापाशी बसून आपला पुढारी कोण हे जाहीर केले! आणि या गाण्याची धार अजून बोथट झालेली नाही याचा पुरावा पाहावयाचा तर २०१४ सालचा 'कोर्ट' हा मराठी चित्रपट पाहावा. त्यात एका वृद्ध लोकशाहिरावर त्याच्या गाण्यामुळे खटला भरतात. शाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली आणि गाणी संभाजी भगत यांची आहेत. आम्ही व्यवसायाने वकील. त्यातील न्यायालयाचा कंटाळवाणा संथपणा पाहून आम्हांस हसू आले नाही. जे गाणे कोणास झोंबतच नाही, त्याच्यावर कोणी खटला भरीत नाही.

असे असता होडीवरच्या त्या मुलाने केवळ नावच का ऐकले असावे?

याचे उत्तर शोधता आपल्या वस्त्यांतून दोन मते ऐकू येतात. वडील मंडळी म्हणतात, आम्ही धम्म घेतला तेव्हा देवळातला मान, पालखी, जत्रा, नाचगाणे, सर्व मागे टाकले. आता पुन्हा ढोलकी कशाला? त्रिसरण-पंचशील म्हणावे, वंदना घ्यावी, पुरे. तरुण म्हणतात, वर्षातून एक दिवस आमचा. भाड्याने डीजे आणू, नाचू, रात्र जागवू. दोहोंच्या भावना आम्हांस समजतात, पण दोन्ही मते अपुरी आहेत.

वडिलांस आमचे सांगणे असे की, मान टाकला तो दास्याचा होता. कंठ काही दास्याचा नव्हता. जुने सण, जुनी भजने सोडल्यावर घरात जी पोकळी राहिली ती कशाने तरी भरणारच. आपण ती आपल्या गाण्याने भरली नाही, तर बाजार ती आपल्या गाण्याने भरील. आपल्याच जिल्ह्यात दशावतार आणि डबलबारी यांस आजही रात्रभर गर्दी होते, ती का? बुवांच्या पेटीजवळ लहान पोर मांडी घालून बसलेले असते, म्हणून. त्यांचा विषय आपला नव्हे. पण शिकविण्याची त्यांची रीत आपण का घेऊ नये?

तरुणांस सांगणे असे की, कर्णे वाईट नाहीत. जमैकाच्या लोकांनीही रस्त्यावर कर्णेच लावले. पण त्या कर्ण्यांतून त्यांनी स्वतःचे गाणे लावले, आणि आपण मिरवणुकीत अनेकदा शब्द बुडवून नुसती धडधड लावतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे; काही सणांस ठराविक दिवसांपुरती सवलत मिळते, पण ती शासनाने दिली तरच आणि मध्यरात्रीपर्यंतच. हे नियम सर्वांस सारखे आहेत आणि आपण संविधानाचे अभिमानी असल्याने ते आपण आधी पाळावेत. पण कायद्याचे राहू द्या. ज्या गाण्यातला शब्द शेजारच्या माणसास कळत नाही, ते गाणे आपल्या बाजूने साक्ष काय देणार?

आणखी दोन गोष्टी स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य आहे. जमैकाकडून सर्वच घ्यावयाचे नाही. रास्ताफारी लोक गांजास पवित्र मानतात. तो शब्दसुद्धा आपल्याच देशाचा. १८४५ पासून तेथील मळ्यांवर गेलेल्या हिंदी मजुरांबरोबर तो गेला. त्यांचा आचार त्यांस लखलाभ. ज्याने पंचशीलातील पाचवे शील घेतले आहे त्याने चित्रापायी चिलीम जवळ करू नये. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. त्यांनी एका राजास देव केले, आणि आपणही आपल्या गाण्यांतून हळूहळू तेच करू लागलो आहोत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणातील भक्ती हा अधःपाताचा मार्ग आहे. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्याने बाबासाहेबांस नवा अवतार करून आळवावे, याहून त्यांचा मोठा पराभव कोणता? गाण्यात त्यांचे नाव असावे. पण त्याबरोबर त्यांनी विचारलेला प्रश्नही असावा. पाण्याचा, शाळेचा, जमिनीचा, स्त्रियांच्या हक्काचा तो प्रश्न आज आपल्या वाडीत कोठे अडला आहे, ते असावे. सम्राट गेल्यावरही रेगे कशाने उरले हे आपण वर पाहिलेच.

तेव्हा करावे काय? आमची सूचना साधी आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरील होड्या वर ओढलेल्या असतात, पर्यटक नसतात, तरुण घरी असतात. वाचन संपल्यावर अर्धा घटका एक गाणे शिकवावे. ते कोणी रचले, केव्हा, कोणत्या प्रसंगी, हे आधी सांगावे, मग गावे. घरातील आजीस बसवून तिला आठवतील त्या ओव्या व गाणी वहीत उतरून घ्यावीत, आणि खाली तिचे नाव घालावे. तिचे नाव लिहिणे विसरू नये. आपल्या बायांची गाणी आजवर निनावी राहिली, तो अन्याय आपल्या हातून पुढे चालू नये. जिल्ह्यातील ज्या वाडीत पेटी व ढोलकी वाजविणारा जुना माणूस असेल, त्याच्यापाशी निदान दोन मुले व दोन मुली बसवाव्यात. आणि चौथी गोष्ट, जी सर्वांत कठीण : प्रत्येक वर्षावासाच्या अखेरीस त्या मुलांनी एक नवे गाणे करावे. चाल जुनी चालेल. फिर्याद आजची पाहिजे.

नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांस आम्ही मुद्दाम सांगतो. तुमच्या घरी कदाचित या गाण्यांची परंपरा नसेल. तुम्हास वाटेल, हे जुन्या बौद्धांचे. तसे समजू नका. शिंद्यांच्या घरी तीन पिढ्या गाणे टिकले ते रक्ताने नव्हे, रियाजाने. आणि वामनदादांच्या हाती तर कोणताही दस्त नव्हता. जो काल आला आणि आज कसू लागला, त्याचा हक्क तीस वर्षे नाव लावून बसलेल्याहून मोठा.

त्या तरुणास आम्ही निघताना आमच्या कार्यालयाचा पत्ता दिला आहे. सदरा काढून टाक, असे आम्ही त्यास सांगितले नाही. चित्रातला माणूस चांगला आहे. त्याची ओळख मात्र करून घे, आणि मग दुसऱ्या माणसाची, ज्याचे तू नाव ऐकले आहेस. येत्या आषाढात समुद्र बंद झाला की तो येतो म्हणाला आहे. आम्ही पेटी दुरुस्तीस टाकली आहे.